चिलखताचं माप

गेल्या गणपतीत माझ्या बहिणीची मुलगी पाच दिवसांची रजा काढून घरी आली. ती एका सशस्त्र दलात शिपाई आहे. कुठल्या दलात आणि कुठे नेमणूक आहे ते इथे लिहीत नाही, तिनेच तसं बजावलंय. खेडला रेल्वेतून उतरून एसटीने मंडणगड गाठेपर्यंत दिवस मावळला होता. आल्या आल्या सॅक टाकली, गणपतीला हात जोडले आणि आंघोळीला पळाली. दुसऱ्या दिवशी गौरीसाठी साडी नेसायची म्हणून मी तिला माझा एक ब्लाऊज घालून बघायला दिला, तेव्हा तिच्या दोन्ही खांद्यांवर काळेनिळे पट्टे दिसले. चांगले तीन बोटं रुंद. डाव्या हासळीच्या हाडावर तर कातडी सोलवटून खपली धरली होती.

"कुणी मारलं गं तुला?" माझ्या तोंडून एकदम निघालं.

ती हसायला लागली. "कुणी नाही गं मावशी. जॅकेटचं आहे ते. बुलेटप्रूफ."

मी म्हटलं, रोज लागतं तर काही तरी कर की त्याचं. तर म्हणाली, "करतो ना. गाडीत बसलं की सोडून पायाशी ठेवतो. सगळ्याच पोरी ठेवतात. बसल्यावर त्याची कड हनुवटीला लागते, श्वास घेता येत नाही."

हे तिने इतक्या सहज सांगितलं की माझ्या हातातली पिन हातातच राहिली. मी गेली अठरा वर्षं शिवणवर्ग चालवते. जो कपडा बसत नाही तो बाई घालत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही कितीही महागाचं कापड आणा, मुंढ्यात काचलं की ते कपाटात जातं. पण ब्लाऊज कपाटात गेला तर फार तर शिलाई फुकट जाते. इथे नऊ-दहा किलोचं जॅकेट पोरीचा जीव वाचावा म्हणून दिलेलं आणि ते पायाशी, का, तर मापाचं नाही!

माझ्या बहिणीला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला वाटायचं, एकदा बुलेटप्रूफ मिळालं म्हणजे झालं. मलाही तेच वाटत होतं की. त्या रात्री आरत्या आटोपल्यावर मी भाचीला समोर बसवलं आणि म्हटलं, हे जॅकेट म्हणजे असतं काय, ते मला ब्लाऊज शिकवतात तसं शिकव.

तर मैत्रिणींनो, त्याचं असं आहे. ह्या जॅकेटात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे मऊ थर. घट्ट विणलेल्या खास धाग्याचे पुष्कळ पदर एकावर एक ठेवलेले असतात. पिस्तुलाची गोळी त्यात अडकते, जाळ्यात मासा अडकावा तशी. पण रायफलीच्या गोळीला हे पुरत नाही. तिच्यासाठी पुढे आणि मागे एकेक कडक प्लेट घालावी लागते. ही प्लेट बहुतेक वेळा सिरॅमिकची असते, म्हणजे आपल्या चिनी मातीच्या जातीची, पण फार कठीण. गोळी तिच्यावर आपटून फुटते आणि मागचा चिवट थर ते तुकडे धरून ठेवतो. ह्या सगळ्याला जो बाहेरचा कपडा असतो, खांद्यावर पट्टे, बाजूला चिकटपट्ट्या आणि पुढे-मागे मोठे खिसे असलेला, त्याला कॅरिअर म्हणतात. आपल्या भाषेत प्लेट म्हणजे उशी आणि कॅरिअर म्हणजे अभ्रा.

त्या मऊ थरांमागची गोष्ट मला फार आवडली. गोळी अडवणारा केव्लार नावाचा धागा १९६५ साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत एका बाईने शोधला. स्टेफनी क्वोलेक तिचं नाव. तिची आई शिवणकाम करायची. लहानपणी स्टेफनीलाही कपडे बेतायचा, शिवायचा नाद होता, फॅशन डिझायनर व्हायचं मनात होतं. आईच तिला म्हणाली, तू एवढी काटेकोर आहेस की त्या धंद्यात उपाशी मरशील. मग ती रसायनशास्त्राकडे वळली. टायरसाठी हलका आणि मजबूत धागा हवा होता. एकदा तिचं द्रावण गढूळ, ताकासारखं पातळ झालं. असं द्रावण एरवी फेकून देत. धागा काढायच्या यंत्रावरचा माणूस ते यंत्रात घालायला तयार होईना, बारीक छिद्रं बुजतील म्हणून. बाईने पिच्छा सोडला नाही. जो धागा निघाला तो वजनाच्या मानाने पोलादाच्या पाचपट मजबूत. क्वोलेकबाई २०१४ साली नव्वदाव्या वर्षी गेल्या. शिवणकाम करणाऱ्या आईच्या लेकीने शोधलेला धागा आणि त्याचं जॅकेट आमच्या लेकीला बसेना. काय म्हणायचं याला!

गौरी-गणपती पोचवल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गातल्या चार-पाच बायका आमच्या पडवीत जमल्या. भाचीची चौकशी करायला म्हणून आल्या होत्या, पण टेप माझ्या गळ्यात होतीच. किराण्याच्या एका खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि दहा इंच रुंद, बारा इंच लांब असा तुकडा कापला. प्लेटचं हे एक नेहमीचं माप आहे. वरचे दोन कोपरे तिरके छाटले, हात हलायला जागा राहावी म्हणून. मग तो पुठ्ठा ओढणीने भाचीच्या छातीवर बांधला आणि तिला म्हटलं, तुझं जॅकेट जिथे येतं तिथे हा धर.

तिने तो धरला गळ्याखालच्या खळगीपासून चार बोटं खाली. खालची कड थेट पट्ट्यावर.

खरी गोम इथे होती. आपलं हृदय आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या छातीच्या मधल्या हाडामागे असतात, आपल्याला वाटतं त्याहून जरा वरच. पोटाला लागलेला माणूस दवाखान्यापर्यंत पोचायची आशा असते, तिथे लागलं तर मिनिटांचाच हिशोब. म्हणून कडक प्लेट पोटासाठी नसते, ती ह्या जागेसाठी असते. उभं राहिल्यावर तिची वरची कड दोन हासळ्यांच्या मधल्या खळगीशी यायला हवी. आपली ठुशी बसते ना, साधारण तिच्या खाली. खालची कड बेंबीच्या दोन-तीन बोटं वर थांबली तरी चालते. रुंदीला छातीची दोन्ही टोकं झाकली गेली की पुरे, त्याहून रुंद घेतली तर हात पुढे येत नाहीत आणि बंदूक खांद्याला नीट लागत नाही. मागची प्लेटही पुढचीच्याच पातळीला हवी. ती बहुतेक वेळा घसरून कमरेकडे जाते आणि ते दिसत नाही, कारण पाठ आपल्याला कुठे दिसते? मैत्रिणीने बघून सांगायचं.

भाचीला प्लेट मिळाली होती मध्यम मापाची आणि कॅरिअर मोठ्या मापाचं. म्हणजे लहान उशी मोठ्या अभ्र्यात. अभ्रा कितीही घट्ट बांधा, उशी खालच्या कोपऱ्यात जाऊन बसणारच. खांद्याचे पट्टे तिने शेवटच्या टोकापर्यंत आवळले होते. त्यामुळे सगळं वजन दोन पट्ट्यांवर. काळेनिळे वळ त्याचेच. उभी असताना प्लेट खाली लोंबते आणि गाडीत बसली की मांड्या तिला वर ढकलतात, मग तीच कड हनुवटीला लागते. एकाच जॅकेटाची दोन्ही दुखणी एकाच चुकीची!

आणखी एक गोष्ट मला नवी होती. प्लेटचं माप हे अंगाच्या घेराचं माप नाही, सांगाड्याचं माप आहे. जाडी बाई आणि बारीक बाई, दोघींची गळा ते बेंबी उंची सारखी असेल तर दोघींना प्लेट सारखीच लागते. घेराचा फरक कॅरिअरच्या बाजूच्या पट्ट्यांनी काढायचा. पण स्टोअरमध्ये काय होतं? माणूस बघतात, जाडा दिसला की मोठं देतात, बारीक दिसला की जे उरलंय ते देतात. आमच्या पडवीत आम्ही सगळ्यांनी आपापली उंची मोजून बघितली. आमच्यातली सगळ्यात ठेंगणी आणि भरलेली बाई आणि माझी सडपातळ भाची, दोघींच्यात अर्ध्या इंचाचा फरक निघाला. हसून हसून पुरेवाट झाली, पण मुद्दा कळला.

मग एकीने विचारलं, "ताई, ह्याला कटोरी कट का नाही करत?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पुरुषाच्या सपाट छातीवर प्लेट टेकते. बाईच्या छातीवर ती उभारावर तोलून राहते, मग काखेकडच्या बाजूंना फट पडते, वरची कड पुढे येते आणि खालची पोटात रुतते. मात्र कडक प्लेटला दोन वाट्यांचा आकार देणं शहाणपणाचं नाही, कारण त्या उतारांवरून निसटलेली गोष्ट बरोबर मधोमध, छातीच्या हाडाकडे वळेल. शिवाय प्रत्येक वळणाला जादा खर्च आणि जादा धोका. त्यापेक्षा प्लेटचा बाक बघायचा. काही प्लेटा एकाच दिशेने वाकवलेल्या असतात, नळीच्या कौलासारख्या. काही दोन्ही दिशांनी, करवंटीच्या तुकड्यासारख्या. बाईच्या अंगाला ही दुसरी जात बरी बसते. बाकीचा आकार मऊ थरांतून आणि कॅरिअरमधून काढायचा. तिथेही आपल्यासारखी कात्री चालवून टक्स घालता येत नाहीत, जिथे धागा तुटला तिथे ताकद गेली. म्हणून थर साच्यात दाबून उभार देतात, किंवा घडी घालून टक्स घेताना प्रत्येक थराचा टक्स वेगळ्या जागी घेतात. हे ऐकून आमच्या बायका एकदम गप्प झाल्या. शिवणकामाचा एवढा विचार!

अमेरिकेच्या सैन्याला हा विचार सुचायलाही उशीर लागला. तिथल्या बायका वर्षानुवर्षं पुरुषांच्या मापाची जॅकेटं घालून अफगाणिस्तानात जात होत्या. २०१२-१३ च्या सुमारास त्यांच्यासाठी अरुंद खांद्याचं, आखूड धडाचं, छातीला टक्स असलेलं वेगळं जॅकेट आलं आणि 'टाइम' साप्ताहिकाने २०१२ च्या उत्तम शोधांच्या यादीत त्याचं नाव घेतलं. टक्स घातला तर शोध झाला! आपल्या वर्गातल्या पहिल्या महिन्याच्या मुलीही तो घालतात.

पण हसण्यासारखं नाही असंही एक आहे. लंडनच्या पोलीस दलात नीना मकाय नावाची पंचवीस वर्षांची शिपाई होती. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका घराचं दार फोडून आत शिरायचं होतं. दार फोडायला हात मोकळे हवेत म्हणून तिने अवजड संरक्षक जॅकेट काढून ठेवलं. आत शिरताच आतल्या माणसाने तिला भोसकलं. ती गेली. भाचीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. पायाशी ठेवलेलं जॅकेट तिलाही आठवलं असणार.

आपल्याकडे बुलेटप्रूफ जॅकेट म्हटलं की अजून २६ नोव्हेंबर २००८ ची रात्रच डोळ्यांपुढे येते. हेमंत करकरेसाहेब सीएसटीवर हेल्मेट आणि जॅकेट चढवतायत, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. पुढे कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर तिघंही गेले. करकऱ्यांना गोळ्या लागल्या त्या वरच्या बाजूला, खांदा आणि मानेच्या भागात, जिथे जॅकेट पोचत नाही. ते जॅकेट नंतर सापडलंच नाही. ते कुठे गेलं, कसं होतं, खरेदी कशी झाली, हे कविता करकरे माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारत राहिल्या. शिक्षिका होत्या त्या, शस्त्रास्त्रांतल्या तज्ज्ञ नव्हत्या. २०१४ साली त्याही गेल्या, जाताना अवयवदान करून गेल्या. त्यांच्या प्रश्नांमुळे जॅकेट हा विषय सरकारी फायलीतून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला, असं मला वाटतं. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक छातीशी धरून ठेवणाऱ्या, साताऱ्याकडच्या केडंब्याच्या तुकाराम ओंबळ्यांच्या अंगावर तर जॅकेटच नव्हतं. हातात काठी होती.

त्यानंतर पुष्कळ काम झालंय, हेही सांगायला हवं, नाहीतर मी नुसतीच कुरकुर करते असं व्हायचं. २०१८ साली भारतीय मानक ब्युरोने बुलेटप्रूफ जॅकेटांसाठी आपलं स्वतःचं मानक काढलं, त्यात धोक्याच्या सहा पातळ्या आहेत. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभा कवच' तयार केलं. पुण्याच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयातले मेजर अनूप मिश्रा यांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. काश्मीरमध्ये असताना त्यांना जॅकेटवर गोळी लागली. गोळी आत गेली नाही, पण धक्क्याने आत इजा झालीच. हे आपल्याला माहीत नसतं बरं का, गोळी अडली तरी जॅकेट आतल्या बाजूला फुगतं आणि बरगडीला दणका बसतो. परतल्यावर त्यांनी स्वतः जॅकेट तयार करायला घेतलं आणि पुण्यात 'सर्वत्र' नावाचं जॅकेट झालं. २०१९ साली त्यांचा लष्करप्रमुखांच्या हस्ते सन्मान झाला. पुढे त्यांनी स्त्री-पुरुष दोघांनाही घालता येईल असं 'शक्ती' नावाचं जॅकेटही केलं. २०१६ साली केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या बायकांसाठी 'नारी कवच' आलं, पण ते दगड-काठ्यांपासून वाचायचं, दंगलीतलं. गोळीचं नव्हे. आणि २०२४ साली संरक्षण संशोधन संस्था आणि दिल्लीच्या आयआयटीने मिळून केलेलं जॅकेट ८.२ किलोपर्यंत खाली आलं.

वजन उतरतंय, ताकद वाढतेय. माप मात्र अजून ज्याचं त्याने सांगायचं.

त्यात आमच्या मुलींची अडचण मला दिसते. मंडणगडात पहाटे रस्त्याने भरतीची तयारी करणाऱ्या पोरी पळत असतात. त्यांतल्या तीन-चार माझ्या वर्गातल्या. पोलीस भरतीत मुलीला उंची लागते १५५ सेंटिमीटर, मुलाला १६५. म्हणजे उंचीतच दहा सेंटिमीटरचा फरक, धडाच्या लांबीत तो येणारच. मुलांची छाती मोजतात, ७९ सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त. मुलींची मोजत नाहीत. बरोबरच आहे, मोजू नये तिथे. पण मग पुढे जॅकेट देतानाही कुणीच मोजत नाही आणि पोरगीही तोंड उघडत नाही. माझी भाचीच बघा ना. कबड्डीत मुलांना पाडणारी पोरगी, पण स्टोअरच्या माणसापुढे "छातीला घट्ट होतं" हे शब्द तिच्या तोंडून निघेनात. त्याने "सगळ्यांना हेच येतं" म्हटलं आणि ती घेऊन आली. आपणच त्यांना लहानपणापासून शिंप्याकडेसुद्धा "जुना ब्लाऊज दे मापाला" असं सांगून वाढवतो. माझ्या आईने मला तेच शिकवलं होतं.

प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ ला शिवाजीमहाराज अंगरख्याखाली चिलखत घालून गेले, हे आपण पोवाड्यांतून ऐकत आलो. ते चिलखत कुणाच्या उरलेल्या मापाचं नसणार, एवढं मी शिवणकामावरून सांगू शकते. आमच्या वेळासच्या कासवांना बरं आहे, त्यांचं कवच अंगाबरोबर वाढतं.

तर आम्ही काय केलं ते सांगते. वहीचं पान घेतलं. गळ्याची खळगी ते बेंबी, उभं राहून आणि बसून, दोन्ही मापं लिहिली. खांद्याची रुंदी. छातीचा घेर नेहमीच्या आतल्या कपड्यांवर आणि गणवेशावर, असा दोनदा. मानेमागच्या उंच मणक्यापासून कमरेपर्यंत पाठ. दोन्ही हात पुढे जोडून बंदूक धरल्यासारखे केले की काखेपासून काखेपर्यंत पुढे किती जागा उरते, ते. आतल्या कपड्यांचंही स्पष्ट बोललो. तार असलेली ब्रा प्लेटखाली रुतते, साधी, घट्ट धरणारी, खेळताना घालतात तसली हवी आणि माप घेताना तीच अंगात हवी. मग मिळालेल्या जॅकेटची तपासणी कशी करायची तेही तिच्याकडून वदवून घेतलं. उभं राहा, बसा, पालथं पडा, वाका, हात वर करा. बाजूंना पुढच्या पाख्यावर मागचं पाखं दोनेक इंच चढतं का, की फट राहते? वर उडी मारली तर प्लेट खिशात हलते का? खोल श्वास घेता येतो का? ह्यातलं एकही जमलं नाही तर माप बदलायचं, पट्टा आवळत बसायचं नाही.

जपण्याबद्दलही थोडं. तिच्याकडच्या मुली जॅकेट पाटासारखं खाली टाकून त्यावर बसतात, असं तिने सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. सिरॅमिकची प्लेट आपटली तर आत तडा जातो आणि वरून काही दिसत नाही. आपली चिनी मातीची बरणी कशी, चांगली दिसते आणि लोणचं भरलं की पाझरते. तपासायला एक्स-रे काढावा लागतो. मऊ थरांना ओल आणि ऊन दोन्ही वाईट. कोकणात पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना बुरशी येते, तर घामाने भिजलेल्या जॅकेटचं काय होत असेल! धुवायचं ते फक्त बाहेरचं कॅरिअर, आतलं सगळं काढून, हाताने. आतल्या थरांवर ओलं फडकं फिरवायचं आणि सावलीत सपाट ठेवून वाळवायचं. घडी नको, खुंटीला टांगणं नको, इस्त्री तर नकोच. मऊ थरांना मुदत असते, ती आत चिकटवलेल्या पट्टीवर तारखेसह लिहिलेली असते. औषधाच्या पाकिटावर आपण तारीख बघतो, तशी ती बघायची.

भाचीने ते पान जपून नेलं. तिथे गेल्यावर मापांसकट रीतसर लेखी अर्ज केला. लेखी, कारण तोंडी सांगताना लाजायला होतं, कागदाला लाज नसते. वरच्या बाईसाहेबांनी तो पुढे पाठवला. दीड महिना गेला. मध्ये एकदा फोनवर म्हणाली, "मावशी, पोरी मला शिंपीण म्हणायला लागल्यात." मला वाटलं, झालं, गेला अर्ज.

दिवाळीनंतर फोन आला. दुसऱ्या तुकडीतून एक लहान कॅरिअर बदलून मिळालं. प्लेट तीच, मध्यम, पण आता खिशात हलत नाही. वरची कड खळगीखाली एका बोटावर येते. बसल्यावर अजून थोडं टोचतं, पण हनुवटीला लागत नाही. काखेकडची फट काही पूर्ण गेली नाही, कारण जॅकेट शेवटी पुरुषांच्या मापाचंच. "गाडीत?" मी विचारलं. "अंगात असतं," ती म्हणाली. बहीण शेजारी उभी राहून ऐकत होती, तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि पलीकडच्या खोलीत गेली.

आता तिच्या तुकडीतल्या चौघींनी आपापली मापं मला पाठवली आहेत, अर्ज कसा लिहायचा म्हणून. तिघींची बरोबर आहेत. चौथीने बसून घेतलेलं माप लिहिलेलंच नाही आणि छाती गणवेशावरून मोजली की आतून, तेही कळत नाही. तिला परत मोजायला सांगितलंय. दुसऱ्या कुणाकडून टेप धरून घे, स्वतःची स्वतः मोजू नकोस, असंही कळवलंय.